गोठा आंतून वाढवावा
(दुभत्या जनावरांवर संसार चालविणाऱ्या कुटुंबांकरितां पाठ)

भीमा नदी शिरूर व दौंड ह्या दोन तालुक्यांच्या मधून वाहते. तिच्या शिरूरकडील बाजूस मांडवगण फराटा हें गांव आहे. पाण्याची सोय असल्यामुळें ह्या भागांत उंसाचें पीक फार. आणि उंसाच्या जोडीला बहुतेक घरीं दोन-चार गाई असतात. उंसाचा पैसा वर्षांतून एकदां येतो, दुधाचा पैसा दर दहा दिवसांनीं येतो. म्हणून किराणा, औषध, मुलांची फी व आल्यागेल्याचा चहा हा सारा संसार खरें पाहतां दुधावरच चालतो. ज्यांस जमीन थोडी किंवा मुळींच नाहीं, त्यांस तर गाय हीच शेती होय. अशा घरांनीं हा धंदा कसा संभाळावा व कसा वाढवावा, ह्याचा विचार ह्या पाठांत करावयाचा आहे.

प्रथम एक हकीकत सांगतों. नांव सांगण्याचें कारण नाहीं; ज्याचें जळतें त्यास कळतें. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत दोन संकरित गाई होत्या. नवराबायको दोघेंहि कष्टाळू. दोन्ही गाईंचें मिळून दिवसाला चौदा-पंधरा लिटर दूध निघे. देणें कोणाचें नव्हतें. शेजारच्या वस्तीवर दहा गाईंचा गोठा उभा राहिलेला पाहून त्यांच्या मनानें घेतलें कीं आपणहि वाढावें. कर्ज काढून बाजारांतून एकदम पांच दुभत्या गाई आणिल्या. पहिले दोन महिने दुधाचे कॅन भरून गेले. पुढें एका गाईची कांस सुजली व दोन सडें कायमचीं गेलीं. दोन गाई माजावर येत, पण गाभण राहत नसत. चारा दोनच गाईंपुरता होता, म्हणून तो रोखीनें घ्यावा लागला. इतक्यांत दुधाचा भाव उतरला. कर्जाचा हप्ता मात्र उतरला नाहीं. चौदा महिन्यांत पांचांपैकीं तीन गाई निम्म्याहून कमी किंमतीस विकाव्या लागल्या.

परंतु सर्वांत मोठें नुकसान तें नव्हे. त्यांच्या जुन्या गाईला त्याच काळांत एक उत्तम कालवड झाली होती. हप्ता भरावयाचा म्हणून सारें दूध केंद्रावर जाऊं लागलें. कालवडीच्या वांट्यास पाणीच अधिक आलें. दीड महिन्याची असतां ती हगवणीनें मेली. आम्ही भेटीस गेलों तेव्हां घरची बाई म्हणाली, "पाळकसाहेब, बाजारची आणली ती तर गेलीच; पण घरची होती तीहि गेली."

ह्या एका वाक्यांत ह्या पाठाचें सार आहे. गोठा बाहेरून आणून वाढत नाहीं; तो आंतून वाढतो. घरची कालवड, घरचा चारा व घरची वही, ह्या तीन गोष्टी ज्यानें धरिल्या त्याचा गोठा सावकाश पण टिकाऊ वाढतो. ह्या तिन्ही सोडून जो केवळ गाईंची संख्या वाढवितो, तो गाई वाढवीत नसून देणें वाढवितो.

उरुळी कांचनची शिकवण

ही गोष्ट आम्हीं नवीन शोधून काढिली असें नाहीं. तिचें मोठें उदाहरण आपल्या शेजारींच, पुणें-सोलापूर रस्त्यावरील उरुळी कांचन येथें आहे. १९४६ सालच्या मार्च महिन्यांत महात्मा गांधी तेथें कांहीं दिवस राहिले व निसर्गोपचार आश्रमाचा आरंभ झाला. मणिभाई देसाई नांवाच्या गुजराती तरुणास त्यांनीं तेथें ठेविलें. मणिभाईंनीं पुढील सारें आयुष्य त्याच गांवीं वेचिलें. आश्रमांत त्यांनीं गीर गाईंची उत्तम निपज केली, आणि १९६७ सालीं भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन ही संस्था स्थापिली. तिलाच आपण बाएफ म्हणतों. १९८२ सालीं मणिभाईंस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. १९९३ सालीं ते वारले.

ह्या संस्थेचा मार्ग काय होता, तें नीट ध्यानांत घ्यावें. गरिबानें कर्ज काढून महाग गाय आणावी, असें तिनें सांगितलें नाहीं. त्याच्या दारीं जी गांवठी गाय उभी आहे, तिलाच उत्तम वळूचें रेत भरावें, आणि तिच्या पोटीं जी कालवड होईल ती त्यानें वाढवावी, असा तो मार्ग होता. होल्स्टीन व जर्सी वळूंचें रेत द्रवरूप नायट्रोजनमध्यें शून्याखालीं १९६ अंशांवर गोठवून ठेवितात. त्यामुळें तें वर्षानुवर्षें टिकतें व दूरदूरच्या खेड्यांत नेतां येतें. रेतन करणारा मनुष्य शेतकऱ्याच्या दारांत येई. शेतकऱ्याला भांडवल लागलें तें धीराचें. नऊ महिने गर्भाचे, आणि पुढें दोन-सवादोन वर्षें संगोपनाचीं, अशीं तीन वर्षें धरिलीं तर साध्या गाईच्या घरीं दुभती गाय उभी राहते. आणि ती ह्याच हवेंत, ह्याच चाऱ्यावर वाढलेली असते.

दूध विकण्याची सोय मात्र एकट्यानें होणारी नव्हती. तीकरितां पुणें जिल्ह्याचा सहकारी दूध उत्पादक संघ १९६० सालीं निघाला. त्याची कात्रज डेअरी सर्वांस ठाऊक आहे. गुजराथेंत खेडा जिल्ह्याचा संघ १९४६ सालींच निघाला होता, आणि त्याच्या धर्तीवर १९७० पासून देशभर दुधाच्या महापुराची योजना चालली. आज सहकारी व खाजगी अशीं दोन्ही प्रकारचीं संकलन केंद्रें गांवोगांव आहेत. तेव्हां गिऱ्हाईक कोठें शोधावें हा प्रश्न आतां राहिला नाहीं. प्रश्न आहे तो घरचा गोठा कसा चालवावा हा.

१. वासरूं

गोठ्याची वाढ वासरापासून होते, म्हणून आरंभ तेथूनच करूं.

गाय व्याल्याबरोबर वासराचें नाकतोंड पुसावें, नाळ स्वच्छ कापून तिला टिंक्चर आयोडीन लावावें, आणि पहिल्या तासाच्या आंत त्याला चीक पाजावा. वार पडण्याची वाट पाहूं नये. पुष्कळ घरीं अशी समजूत आहे कीं वार पडल्यावांचून कांस पिळूं नये. ही समजूत वासराच्या जिवावर येते. वासरूं जन्मतें तेव्हां रोगाशीं झगडण्याची शक्ति त्याच्या अंगीं नसते. ती चिकांतून मिळते. आणि त्याच्या आंतड्यास ती शोषून घेतां येते ती पहिले कांहीं तासच. दिवस उलटल्यावर चीक केवळ अन्न राहतो, कवच राहत नाहीं. तीस किलोंच्या वासरास पहिल्या दिवशीं तीन लिटर चीक मिळावा. त्यांतला अर्धा पहिल्या तासांत व उरलेला त्याच दिवशीं. खरवस खावयाचा तर वासराचें पोट भरल्यावर खावा.

त्यानंतर तीन महिने त्याला रोज दूध लागतें. येथेंच आपला हात आंखडतो, म्हणून हिशेब करून पाहूं. सरासरी तीन लिटर धरिले तर नव्वद दिवसांत २७० लिटर होतात. लिटरचा भाव ३० रुपये समजला, तर ८,१०० रुपये झाले. एवढ्या पैशांत बाजारांत गाय मिळेल काय? पेरणीच्या दिवशीं कणगींतलें बीं कमी झालें म्हणून शेतकरी रडत नाहीं; वासराला पाजलेलें दूध हेंहि पेरलेलें बींच आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून त्याच्यापुढें थोडें वासरांचें खाद्य व कोंवळें गवत ठेवावें. दहाव्या दिवसाच्या सुमारास जंताचें औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानें द्यावें, व पुढें सहा महिन्यांचें होईपर्यंत दर महिन्यास द्यावें. कालवड चार ते आठ महिन्यांची असतां सांसर्गिक गर्भपाताची लस एकदां टोंचून घ्यावी. अशी वाढविलेली संकरित कालवड पंधरा ते अठरा महिन्यांत सुमारें अडीचशें किलो वजनाची होऊन भरण्याजोगी होते, व सवादोन वर्षांच्या आसपास विते. उपाशी वाढविलेली कालवड साडेतीन वर्षें घेते. हीं जास्तीचीं वर्षें ती फुकट खाते, आणि त्याचा दोष आपण तिच्या जातीवर ठेवितों.

आतां कालवडीच व्हाव्या म्हणून निवडक रेतहि मिळूं लागलें आहे. त्यानें शंभरांत सुमारें नव्वद कालवडी होतात. ट्रॅक्टर आल्यापासून संकरित गोऱ्ह्यास औताला कोणी घेत नाहीं, म्हणून ज्यांच्या दोनच गाई आहेत त्यांनीं ह्याची चौकशी अवश्य करावी. तें महाग असतें व पुष्कळदां त्यावर सरकारी सवलत असते. सवलत चालू आहे कीं नाहीं हें पशुवैद्यकीय दवाखान्यांत विचारावें.

२. चारा

पहिला चारा, मग गाय, असा नियम घरांत सर्वांनीं पाठ करावा. चारशें किलो वजनाच्या दुभत्या गाईस रोज वीस ते पंचवीस किलो हिरवा चारा, पांच-सहा किलो कडबा किंवा दुसरें वाळलें वैरण, आणि अंगीं असलेल्या दुधाप्रमाणें खुराक लागतो. चारा चांगला असेल तर दर अडीच लिटर दुधामागें सुमारें एक किलो पेंड-भरडा पुरे होतो. तो दोन-तीन वेळां विभागून द्यावा. एकदम पाटीभर दिल्यास पोट आंबतें. रोज पन्नास ग्रॅम क्षारमिश्रण द्यावें. पाणी तिला हवें तेव्हां मिळावें. उन्हाळ्यांत दुभती गाय शंभर लिटरांच्या आसपास पाणी पिते. दिवसांतून दोनदां बादली दाखविणें म्हणजे दुधावर आपणच झांकण घालणें होय.

मांडवगणच्या भागांत हंगाम सुरू झाला म्हणजे उंसाचें वाढें स्वस्त व मुबलक होतें, आणि चार महिने कित्येक गोठ्यांत दुसरें कांहीं दिसत नाहीं. वाढें वाईट नव्हे. परंतु त्यांत ऑक्झलेट नांवाचा पदार्थ असतो, तो अंगांतील चुना बांधून टाकितो. केवळ वाढ्यावर ठेविलेली गाय हळूहळू खंगते, व्याल्यावर बसते, माजावर येत नाहीं. आणि घरचीं माणसें नजर लागली असें म्हणतात. नजर लागली नाहीं, चुना कमी पडला. म्हणून वाढें निम्म्याहून अधिक घालूं नये. तें कापून त्यावर चुन्याची निवळी शिंपडावी. जोडीला लसूणघास किंवा दुसरें द्विदल वैरण द्यावें, आणि क्षारमिश्रण चुकवूं नये.

कोंवळ्या ज्वारीविषयींहि सावध असावें. पाण्याचा ताण बसलेली किंवा कापल्यावर पुन्हां फुटलेली कोंवळी ज्वारी खाऊन जनावरास किरळ लागते व तें घटकेंत मरतें. ज्वारी फुलोऱ्यावर आल्यावरच कापावी.

उन्हाळ्याची तरतूद पावसाळ्यांत करावी. ह्याकरितां मुरघास हा गरिबाचा मित्र आहे. मक्याचें कणीस चिकांत असतां सारें झाड कापून त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करावे, पिशवींत किंवा खड्ड्यांत घालून हवा राहणार नाहीं असे तुडवावे, व तोंड घट्ट बंद करून ठेवावें. सुमारें पंचेचाळीस दिवसांनीं मुरघास तयार होतो व न उघडल्यास पुष्कळ महिने टिकतो. हिशेब असा : एका गाईस रोज पंधरा किलो प्रमाणें चार महिने म्हणजे १,८०० किलो, दोन गाईंस ३,६०० किलो. पाण्याखालील दहा गुंठे मका चांगला आला तर एवढा माल निघतो. ज्यास दहा गुंठेहि नाहींत, त्यानें दोघां-तिघांनीं मिळून शेजाऱ्याचा उभा मका हंगामांत विकत घ्यावा. हिरवा मका स्वस्त असतां घेतलेला बरा. वैशाखांत कडब्याच्या मागें धांवणें बरें नव्हे.

३. माज व गाभण

दूध कांसेंत दिसतें, पण तोटा पुष्कळदां गर्भाशयांत असतो. गाय दर एकवीस दिवसांनीं माजावर येते. ती हंबरते, दुसऱ्या गाईवर चढते, किंवा दुसरी चढली तर उभी राहते. काचेसारखा चिकट बळस टाकते. दूध थोडें कमी देते. हीं लक्षणें पहांटे व रात्रीं अधिक दिसतात. सकाळीं माज दिसला तर संध्याकाळीं भरावी, संध्याकाळीं दिसला तर दुसऱ्या सकाळीं. व्याल्यापासून दोन-तीन महिन्यांत ती पुन्हां भरली जावी. भरल्यावर दोन-तीन महिन्यांनीं गाभण तपासून घ्यावी. नुसतें "उलटली नाहीं" म्हणून समाधान मानूं नये.

हें किती मोलाचें आहे तें आंकड्यानें पाहूं. एक गाय तेरा महिन्यांनीं, म्हणजे ३९५ दिवसांनीं, पुन्हां विते असें समजा; दुसरी अठरा महिन्यांनीं, म्हणजे ५४८ दिवसांनीं. दोघीहि ३०० दिवस दूध देतात. तर दुसरी १५३ दिवस अधिक भाकड राहिली. भाकड गाईचा रोजचा खर्च १२० रुपये धरिला, तर १८,३६० रुपये झाले. आणि हे १५३ दिवस कशानें गेले? सात माज चुकले म्हणून. ज्या घरांत सकाळी-संध्याकाळीं कोणी पांच मिनिटें गाईकडे नुसतें पाहत उभें राहतें, त्या घरांत हे रुपये वांचतात.

गाय विण्यापूर्वीं साठ दिवस आटवावी. शेवटचे दोन महिने दूध काढीत राहिल्यास पुढल्या वेताचें दूध कमी होतें व वासरूं हलकें जन्मतें. दुभत्या गाईच्या लाथा गोड असें म्हणतात. परंतु भाकड गाईलाहि त्या दोन महिन्यांत चांगलें खाऊं घालावें, कारण पुढच्या दुधाचा पाया त्याच दिवसांत घातला जातो.

४. धार व भांडें

हात व कांस धुवून, कोरड्या फडक्यानें पुसून धार काढावी. पहिल्या दोन धारा निराळ्या वाटींत घेऊन पाहाव्या. गांठी किंवा पाणचटपणा दिसला तर दगडीचा आरंभ आहे असें जाणून त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. आंगठा मुडपून सड ओढूं नये, पुऱ्या मुठीनें दाबून काढावें. धार झाल्यावर सडें जंतुनाशक औषधांत बुडवावीं, आणि गाईपुढें थोडी वैरण टाकावी, म्हणजे ती अर्धा तास उभी राहील; त्या वेळीं सडाचें तोंड उघडें असतें व बसल्यास शेण लागतें. भांडें अ‍ॅल्युमिनियमचें किंवा स्टीलचें, आंतून गुळगुळीत असावें. दूध काढल्यावर दोन तासांच्या आंत केंद्रावर पोंचवावें.

महाराष्ट्रांत गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट व ८.५ एस.एन.एफ. ह्या प्रतीवर ठरतो. त्याहून कमी उतरल्यास पैसे कापले जातात. वाळलें वैरण कमी व पेंड अधिक झाली तर फॅट उतरते. गाय भुकेली राहिली तर एस.एन.एफ. उतरतो. तेव्हां केंद्राची पावती ही केवळ पैशांची पावती नव्हे, ती गाईच्या पोटाची बातमी आहे. ती रोज वाचावी. कोणी कोणी हें अंतर भांड्यांत कांहीं मिसळून भरून काढूं पाहतात. तें पाप तर आहेच, शिवाय यंत्रापुढें तें फार दिवस लपतहि नाहीं. आणि एकदां गेलेली पत दहा गाई आणूनहि परत येत नाहीं.

५. रोग व रानांतील भय

ह्याविषयीं थोडक्यांत सांगतों. लाळ्या खुरकुताची लस वर्षांतून दोनदां. घटसर्प व फऱ्या ह्यांची पावसाळ्यापूर्वीं. २०२२ सालीं लम्पी रोगानें महाराष्ट्रांत पुष्कळ जनावरें दगावलीं. तिचीहि लस न चुकतां घ्यावी. गोचिडांचा नाश जनावराच्या अंगावर व भिंतींच्या फटींत अशा दोन्ही ठिकाणीं करावा. बाजारांतून आणलेलें जनावर तीन आठवडे निराळें बांधावें. कानांत बारा आंकडी बिल्ला मारून घ्यावा. त्यावांचून पुष्कळ सरकारी सवलती मिळत नाहींत.

गोठ्याकरितां मोठें सिमेंटी बांधकाम करूं नये. जागा असेल तर कुंपण घालून आंत झाडाची किंवा पत्र्याची सावली, गव्हाण व पाण्याचा हौद करावा व गाई मोकळ्या सोडाव्या. त्या सुखी राहतात, माज चटकन दिसतो, व शेण भरण्याचा त्रास वांचतो. मात्र शिरूर तालुक्यांत उंसाच्या शेतांतून बिबट्याचा वावर आहे. ह्यास्तव रात्रीं वासरें व कालवडी वरूनहि जाळी असलेल्या बंद जागेंत ठेवाव्या. पहांटे अंधारांत चारा कापावयास बाई किंवा मूल एकटें कधींहि जाऊं नये. चारा आदल्या दिवशीं उजेडांत आणून ठेवावा. जनावर बिबट्यानें मारिल्यास तें न हलवितां वनखात्यास त्वरित कळवावें, म्हणजे पंचनामा होऊन भरपाई मिळण्यास मार्ग राहतो. गाय पुन्हां मिळेल, माणूस मिळणार नाहीं.

६. वही

आतां जें सर्वांत सोपें व सर्वांत दुर्लक्षित, त्याविषयीं. प्रत्येक गोठ्यांत एक वही असावी. प्रत्येक गाईस एक पान. त्यावर पांचच गोष्टी लिहाव्या : व्याल्याची तारीख, माजाची तारीख, भरल्याची तारीख, लस व औषध, आणि आठवड्यांतून एक दिवस मोजलेलें दूध. वहीच्या शेवटीं डाव्या पानावर दुधाची जमा व उजव्या पानावर चारा, पेंड, डॉक्टर व हप्ता ह्यांचा खर्च. घरचा चारा फुकट समजूं नये, बाजारभावानें लिहावा. घरच्या माणसांचे कष्टहि निदान एका ओळींत लिहावे, म्हणजे ते दृष्टीस पडतील.

ही वही कोणीं लिहावी? जिच्या हातून काम होतें तिनें. धार, शेण, चारा, वासरूं हें बहुतेक सारें घरची बाई करते; केंद्रावरचें खातें मात्र पुरुषाच्या नांवावर असतें, आणि दहा दिवसांचा पैसा घरीं पोंचण्यापूर्वीं कोठें कोठें थांबत येतो. खातें तिच्या नांवानें करावें; तिला लिहितां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलीनें लिहावें; परंतु त्यासाठीं मुलीची शाळा बुडवूं नये.

भाव आपल्या हातीं नाहीं, हें वहीच आपणांस शिकविते. १ जून २०१७ पासून शेतकऱ्यांचा संप झाला तेव्हां लोकांनीं रस्त्यावर दूध ओतलें. २०२० सालच्या टाळेबंदींत हॉटेलें बंद पडून भाव कोसळले. २०२४ सालीं भाव पडले असतां सरकारनें १ जुलैपासून लिटरमागें ३० रुपये दर व ५ रुपये अनुदान ठरविलें. असे चढउतार पुढेंहि होतील. भावासाठीं एकत्र होऊन बोलणें हा आपला हक्क आहे व तो सोडूं नये. परंतु भाव उतरला त्या दिवशीं ज्याच्या वहींत खर्च लिहिलेला आहे, तो कोणती गाय ठेवावी व कोणती काढावी हें ठरवूं शकतो. बाकीचे नुसते घाबरतात.

७. केव्हां वाढवावें

वाढूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. दोन गाईंचें घर पांच गाईंचें व्हावें हें इष्टच आहे. परंतु तत्पूर्वीं तीन प्रश्नांचीं उत्तरें "होय" अशीं यावीं. पुढील उन्हाळ्याचा चारा आज घरांत किंवा शेतांत आहे काय? गेल्या बारा महिन्यांच्या वहींत, घरचा चारा धरूनहि, शिल्लक दिसते काय? नवी गाय आली तर तिचें काम कोण करील, त्या मनुष्यास विचारिलें आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर पुरुष बहुधा आपणच देऊन टाकितात. तसें करूं नये.

गाय विकत घ्यावीच लागली, तर एका वेळीं एकच घ्यावी. काष्टीसारख्या मोठ्या बाजारांत निवड पुष्कळ असते, पण तेथें गाय एक दिवस दिसते. कित्येक विकणारे धार तुंबवून कांस फुगवून आणितात. शक्य तर ओळखीच्या घरीं जाऊन, लागोपाठ दोन-तीन वेळची धार समोर काढून घ्यावी, चारी सडें पाहावीं, व दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताची गाय पसंत करावी. पहिल्या गाईच्या शिल्लकेंतून दुसरीचा निदान अर्धा पैसा निघावा. सारा पैसा कर्जाचा असेल तर थांबावें. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण गोठ्यास फार लागू पडते.

आरंभीं सांगितलेल्या कुटुंबाचें पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. कर्ज फेडावयास त्यांस चार वर्षें लागलीं. त्या काळांत त्यांनीं एकहि जनावर विकत घेतलें नाहीं. उरलेल्या गाईंच्या पोटीं झालेल्या कालवडी त्यांनीं दूध पाजून वाढविल्या; दहा गुंठ्यांत मका करून मुरघास केला; मुलीनें वही धरिली. आज त्यांच्या दारांत चार गाई आहेत. त्यांपैकीं तीन त्याच गोठ्यांत जन्मल्या, व चौथी त्यांची जुनी गाय. मागें आम्ही गेलों तेव्हां बाईनें आम्हांस एका दोन दिवसांच्या कालवडीजवळ नेलें. ती तृप्त होऊन पेंढ्यावर निजली होती. "आज हिचें पोट आधीं भरलें, मग कॅन भरला," असें ती म्हणाली. ह्याहून अधिक आम्हांस ह्या पाठांत कांहीं सांगावयाचें नाहीं.

विचार करण्याकरितां प्रश्न

(उपदेशकांनीं हे प्रश्न संध्याकाळच्या बैठकींत वाचून दाखवावे, व स्त्रियांस प्रथम उत्तरें देऊं द्यावीं.)

१. आपल्या घरीं मागें जन्मलेल्या वासरास पहिला चीक किती वेळानें मिळाला?

२. आपली प्रत्येक गाय शेवटीं कोणत्या तारखेस व्याली व कोणत्या तारखेस भरली, हें न अडखळतां सांगतां येतें काय?

३. हंगामांत आपल्या गव्हाणींत वाढ्याबरोबर आणखी काय असतें? क्षारमिश्रण आहे काय?

४. येत्या वैशाखांत आपल्या गाई काय खातील?

५. दुधाचे पैसे कोणाच्या हातीं येतात, आणि काम कोणाच्या हातून होतें?